गणपती गेले की टोमॅटोचं बी टाका: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

टोमॅटो कसा लावायचा असं यूट्यूबवर शोधलं की बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले निघतात. बर्फ संपायची वाट बघा, बी घरात दिव्याखाली रुजवा, झाडाला मिळेल तेवढं ऊन द्या, असा त्यांचा सल्ला. तिथे तो बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र गणित उलटं आहे. इथे टोमॅटोला थंडी मारत नाही, ऊन आणि पाऊस मारतात. म्हणून खत कुठलं आणि कुंडी केवढी याच्या आधी महिना ठरवायचा. महिना चुकला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

याचं कारण फुलात आहे. दिवसाचं तापमान ३२–३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही २४–२५ च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होऊ लागतात. झाड हिरवंगार दिसतं, फुलंही येतात, पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हौसेनं बी टाकलं तर फुलं नेमकी एप्रिल-मेच्या तोंडी येणार. जूनमध्ये टाकलं तर कोवळं रोप धो धो पावसात आणि करप्यात (पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगात) सापडणार. शेतकरी तिन्ही हंगामांत टोमॅटो घेतात, नारायणगावच्या बाजारात उन्हाळ्यातही क्रेट भरतात, हे खरं. पण त्यांच्याकडे ठिबक असतं, मातीवर अंथरायचा मल्चिंग पेपर असतो, फवारणीचं वेळापत्रक असतं. गॅलरीत पहिल्यांदा कुंडी ठेवणाऱ्यानं हिवाळाच धरावा.

आणि जुलैत भाव कडाडले म्हणून तर मुळीच बी टाकू नका. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी पार करून गेला होता. पण जुलैत टाकलेल्या बियाचं पहिलं फळ हाती येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि त्या वर्षी सप्टेंबरातच भाव पार कोसळले होते.

कॅलेंडर

पुणे, नाशिक, नगर, सातारा, मराठवाडा: गणपती विसर्जनापासून दसऱ्यापर्यंत बी टाका. साधारण महिन्याभरात, म्हणजे दिवाळीच्या आसपास, रोप कुंडीत जातं आणि लागवडीपासून ६०–७० दिवसांत फळ पिकू लागतं. संक्रांतीच्या सुमाराला घरचा टोमॅटो ताटात येतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात पाऊस रेंगाळतो, तिथे नवरात्र बसेपर्यंत थांबलेलं बरं, अगदी दिवाळीत टाकलं तरी चालतं. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात आणि गारठ्यात झाड वाढायचं थांबतं, म्हणून तिकडे सप्टेंबर सोडू नका. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र तेच थंड देशांतले व्हिडिओ बघावेत: मार्चमध्ये बी घरात, रोप बाहेर मेच्या मध्यानंतर.

ऊन किती आणि कुठलं

टोमॅटोला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं. इथे फ्लॅटमधल्या लोकांची हमखास फसगत होते, कारण मे महिन्यात गॅलरीत आलेलं ऊन बघून जागा ठरवलेली असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन पार आतपर्यंत येतं, आणि उत्तरेच्या गॅलरीत जवळपास येतच नाही. पूर्वेकडे सकाळचं चार तास मिळत असेल तर चेरी टोमॅटो लावा, मोठ्या फळाच्या वाणाचा हट्ट नको. उत्तरेची गॅलरी असेल तर पुदिना लावा. टोमॅटोसाठी गच्चीची परवानगी मागा.

बी कुठलं घ्यायचं

पाकीट घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, झाड झुडपी की वेलासारखं वाढणारं? झुडपी वाण तीन-साडेतीन फुटांवर थांबतं आणि फळं थोड्या आठवड्यांत एकदम देतं. वेली वाण वाढतच राहतं, सहा फूटही जातं, आणि हप्त्याहप्त्यानं फळ देतं. गॅलरीत पहिल्या वर्षी झुडपी बरं. दुसरी, सरळ वाण की हायब्रीड? सरळ वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी वापरता येतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा रूबी, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. बंगळुरूचंच अर्का रक्षक हे हायब्रीड आहे, आणि पर्णगुच्छ विषाणू (पानं वळवून झाड खुरटवणारा), जिवाणूजन्य मर (हिरवं झाड अचानक कोमेजवणारी) व लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना ते बऱ्यापैकी तोंड देतं. कोकणात आणि गोव्यात जिवाणूजन्य मर फार, तेव्हा तिथे असंच वाण शोधावं.

मंडईतून आणलेल्या टोमॅटोचं बी उगवतं का? उगवतं, उत्तम उगवतं. पण बाजारातला माल बहुतेक हायब्रीड असतो. त्याच्या बियांतून येणारी झाडं आईसारखी निघत नाहीत, एकाला लहान फळं, दुसऱ्याला उशिरा, तिसऱ्याला रोगच रोग. गंमत म्हणून एखादी कुंडी करा, सगळी भिस्त त्यावर नको. असं बी काढायचं तर गर बियांसकट वाटीत घेऊन थोडं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून आंबू द्या. वर पांढुरकी साय धरते, वास येतो, ते बरोबरच आहे. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, आंबल्यावर ते सुटतं. मग गाळणीत चोळून धुवा आणि चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर बी कागदाला चिकटून बसतं.

दुकानातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. पेरून झाल्यावर हात साबणानं धुवा, आणि ते पाकीट मुलांच्या हाती देऊ नका. साध्या रंगाचं बी असेल तर चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळून पेरा.

बी रुजवणं

रुजवणीला मोठी कुंडी लागत नाही. नर्सरीवाले वापरतात तो प्रो-ट्रे मिळाला तर छान, नाहीतर तळाला भोकं पाडलेले दह्याचे डबे, चहाचे कागदी कप. गणपतीत मोदकांसाठी खवलेल्या नारळांच्या करवंट्या घरात पडलेल्या असतातच. डोळ्याकडचा अर्धा भाग घेतला तर त्या डोळ्यातच पाणी निचरायला भोक पाडता येतं.

यात भरायचं अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धं चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर ते पाणी पिळून टाका आणि आणखी दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. त्यात क्षार असतात आणि कोवळी मुळं तेवढ्यानं करपतात. बागेतली नुसती माती इथे वापरू नका. ती पाण्यानं चोपून बसते आणि रोपं कोलमडवणारी बुरशी बहुधा तिच्यातूनच येते.

एका खाचेत एक बी, कपात दोन. खोली अर्धा सेंटीमीटर, नखभर म्हणा. वरून मिश्रण भुरभुरवा, हलकेच दाबा, झारीनं किंवा स्प्रेनं पाणी द्या. मग डबे ओल्या वर्तमानपत्रानं झाकून सावलीत ठेवा. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाच ते आठ दिवसांत कोंब वर येतात. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघत जा, कारण पहिले चार कोंब दिसले की झाकण त्याच दिवशी काढायचं आणि डबे उजेडात न्यायचे. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पांढुरकी, लांबुडकी होऊन माना टाकतात.

काही कोंबांच्या दोन्ही पानांवर बियांचं टरफल टोपीसारखं अडकून बसतं. कोरडं असताना ओढू नका, पानंच तुटून येतात. बोटानं पाण्याचा थेंब लावा, अर्ध्या तासानं परत लावा, आणि मग नखानं अलगद सरकवा.

उगवल्यावर पहिले चार-पाच दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवसाचं. ऑक्टोबर हीट हलक्यात घेऊ नका, दुपारी बारा ते तीन जुन्या ओढणीची सावली करा. रोपं एका बाजूला वाकत असतील तर उजेड एकाच बाजूनं येतोय, ट्रे रोज फिरवा. रोपावरून दिवसातून दोनदा हळूच हात फिरवला तर खोड बुटकं आणि जाड होतं. वाऱ्याचं काम आपला हात करतो.

रोपाला पाणी सकाळी एकदा, तेही वरची माती कोरडी दिसली तरच. देठ जमिनीलगत बारीक, पिचलेला होऊन रोप आडवं पडलं तर ती मर. पाणी आणि दाटी जास्त झाली की ती होते. गेलेलं रोप वाचत नाही, ते काढा, पाणी तोडा, उरलेल्यांना मोकळी हवा द्या. कपातली दोन्ही उगवली असतील तर कमजोर रोप कात्रीनं कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं दुखावतात. यावर घरोघरी जीव कळवळतो, पण दोन्ही ठेवली तर दोन्ही अशक्त राहतात.

सुरुवातीची दोन लांबट, गुळगुळीत पानं ही बियातली. त्यानंतरची कातरलेली, ज्यांना टोमॅटोचा वास येतो, ती खरी पानं. दोन खरी पानं आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. सेंद्रियच हवं असेल तर गांडूळखताचं गाळलेलं पाणी.

कुंडी आणि माती

एका झाडाला निदान वीस लिटरची जागा. बारा इंची ग्रो बॅग किंवा रंगाची रिकामी बादली घासून धुऊन तळाला सहा-सात भोकं पाडलेली. वेली वाणाला पंधरा इंची घ्या. एका कुंडीत दोन झाडं लावायचा मोह सगळ्यांना होतो. आवरा. मोठी बॅग ओली झाल्यावर एकट्यानं हलत नाही, म्हणून जागेवर ठेवूनच भरा.

मिश्रण: चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, त्यात हुमणीच्या अळ्याही निघतात. काळी माती असेल तर तिचा भाग कमी करून थोडी जाड वाळू घाला. कोकणातली लाल माती निचऱ्याची असते, पण आम्लधर्मी, तिला कुंडीमागे चमचाभर शेतीचा चुना लागवडीच्या दोन आठवडे आधी मिसळा.

लागवड

रोप २५–३० दिवसांचं, वीतभर उंच, चार-पाच खऱ्या पानांचं झालं की लावायचं. आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा न फुटता निघेल. वेळ संध्याकाळची.

टोमॅटोच्या खोडाला मातीत जिथे-तिथे मुळ्या फुटतात. म्हणून खालची दोन पानं काढून रोप वरच्या पानांपर्यंत खोल गाडा. वांग्याला-मिरचीला हे एवढं मानवत नाही, टोमॅटोला मात्र जितकं खोल तितकं बळ. लांबुडकी झालेली रोपंही अशी गाडली की सावरतात. बांबूची काठी त्याच वेळी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. पहिले तीन दिवस दुपारची सावली द्या, पानं मलूल दिसली तरी घाबरून पाणी ओतू नका.

मातीवर दोन इंच सुकी पानं, उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा पसरा. पाणी टिकतं, आणि मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. करपा बरेचदा त्या शिंतोड्यांतून चढतो.

पाणी

नवशिक्यांची झाडं तहानेनं क्वचित मरतात, लाडानं मरतात. शेतकऱ्याचा शब्द इथे कामाचा आहे: वाफसा. माती ओली आहे, पण हाताला चिखल लागत नाही, मूठ दाबली तर ढेकूळ होतं आणि बोटानं टोचलं की फुटतं, ती अवस्था. बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तर तळातून पाणी निघेपर्यंत द्या, गार लागलं तर उद्या बघू. थंडीत वाढलेल्या झाडाला दिवसाला दीड-दोन लिटर लागतं, फेब्रुवारीच्या अखेरीस दोन वेळा द्यावं लागतं. पाणी बुंध्याशी, पानांवर नको.

चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादली ओतली की दोन गोष्टी होतात. पिकत आलेली फळं तडकतात, आणि नव्या फळांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग पडतो. हा रोग नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेलं नाही, आणि बहुतेक वेळा मातीत ते असूनही, कारण ते पाण्यासोबतच वर चढतं आणि पाणीच अनियमित होतं. अंड्याची टरफलं टाकून आठवड्याभरात फरक पडत नाही, ती कुजायला महिने घेतात. पाणी नियमित करा, डागाळलेली फळं तोडा, पुढची चांगली येतात.

आधार, बगलफुटी, खत

झाडाला दर वीतभर उंचीवर सुतळीनं काठीला बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फेरा देऊन. करकचून बांधलं तर जाड होणाऱ्या खोडात सुतळी रुतते.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारी नवी फांदी म्हणजे बगलफूट. वेली वाणात त्या बोटभर असतानाच चिमटून काढा, एक-दोन मुख्य फांद्या ठेवा. झुडपी वाणात फक्त पहिल्या फुलगुच्छाखालच्या काढा, बाकी राहू द्या, नाहीतर फळंच कमी होतील. काढलेली बगलफूट पाण्यात ठेवली तर आठवड्याभरात मुळं धरते, शेजाऱ्यांना द्यायला फुकटचं रोप.

खत दर पंधरा दिवसांनी: दोन मुठी गांडूळखत किंवा पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण). फुलं दिसू लागली की नत्र (नायट्रोजन) कमी, पालाश (पोटॅशियम) जास्त. युरिया तर कुंडीत नकोच. त्यानं झाड दांडगं होतं, पानं गडद हिरवी, आत वळलेली, आणि फुलांचा पत्ता नाही.

फुलं आली, फळ नाही

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण ते पराग नळीत बंद असतात आणि हादरा बसल्याशिवाय सुटत नाहीत. वारा ते करतो, काळा भुंगा गुणगुणत लटकून ते फार चांगलं करतो, मधमाशीला मात्र ते जमत नाही. काचा लावलेल्या गॅलरीत वारा आणि भुंगा दोन्ही नसतात. मग सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलगुच्छाच्या देठाला टिचकी मारा किंवा चालू इलेक्ट्रिक टूथब्रश देठाला टेकवा. फूल उलटं वळून पाकळ्या सुकल्या आणि आत हिरवा दाणा दिसला की काम झालं.

किडी आणि रोग

सगळ्यात मोठा शत्रू पांढरी माशी. ती रस पिते ते ठीक, पण पर्णगुच्छ विषाणू आणते. शेंड्याची पानं लहान, वर वळलेली, पिवळट, झाड खुरटलेलं दिसलं की त्यावर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाका. जीवावर येतं, पण ठेवलं तर शेजारची झाडंही जातात. आधीच उपाय म्हणजे रोपांवर अगदी बारीक जाळीचं कापड आणि झाडाजवळ पिवळे चिकट सापळे. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं, आठवड्यातून एकदा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानं तोडा, फार मनावर घेऊ नका. पण पानावर रेघांऐवजी मोठे पांढुरके फुगीर चट्टे आणि शेंड्यात, फळात टाचणीएवढी भोकं दिसली तर ती टुटा असू शकते. दक्षिण अमेरिकेतली ही कीड भारतात २०१४ मध्ये पहिल्यांदा पुण्याकडे सापडली. तशी पानं-फळं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

खालच्या पानांवर गोल वलयांचे तपकिरी डाग म्हणजे लवकर येणारा करपा. ती पानं काढा, जमिनीपासून वीतभर खोड मोकळं ठेवा.

झाड हिरवं असतानाच दुपारी अचानक कोमेजलं आणि संध्याकाळीही सावरलं नाही, तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरताना दिसला तर ती जिवाणूजन्य मर. ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी कशालाच वापरायची नाही.

तोडणी

फळाच्या बुडाला गुलाबी छटा आली की तोडलं तरी चालतं, घरात टोपलीत ते पूर्ण लाल होतं, आणि पक्षी व अळीपासून वाचतं. चवीसाठी झाडावर अजून तीन-चार दिवस ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, १२ अंशांच्या खाली चव आणि वास दोन्ही जातात. मार्चच्या उन्हात फळं लाल न होता नारिंगी-पिवळी राहू लागतात, कारण ३०–३२ अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. वाट बघू नका, तोडून घरात पिकवा.

मार्चच्या शेवटी फुलं गळायला लागली की झाड काढून टाका, ओढून-ताणून मेपर्यंत नेण्यात अर्थ नाही. रोग नसेल तर माती ओली करून काळ्या नव्हे, पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात महिनाभर तापवा. मग त्यात थोडं शेणखत मिसळा आणि जूनमध्ये भेंडी किंवा गवार लावा. त्या कुंडीत पुढच्या सप्टेंबरात टोमॅटोऐवजी मेथी किंवा घेवडा घ्या, टोमॅटोला दुसरी बॅग भरा.